झाड न तोडता त्याचं वजन : विद्यापीठाचं जंगल आणि कार्बनचा हिशेब

मागच्या व्याख्यानात आपण ‘मोजणं म्हणजे नेमकं काय’ या प्रश्नापाशी थांबलो होतो. वजनकाट्याचं, घड्याळाचं, तापमापकाचं उदाहरण घेतलं होतं. शेवटी एका श्रोत्यांनी विचारलं होतं, की हे सगळं तत्त्वज्ञान ठीक आहे, पण एखादं आजचं, चालू काळातलं उदाहरण द्या ना. मागणी रास्त होती. म्हणून आज आपण जंगलात जाणार आहोत. तेही विद्यापीठाच्या मालकीच्या जंगलात, जिथे विद्यार्थी हातात टेप घेऊन झाडांना विळखे घालत असतात आणि त्यावरून हवेतला किती कार्बन त्या झाडांत साठला आहे ते सांगतात.

काही विद्यापीठांकडे स्वतःची जंगलं आहेत. झाडं लावलेलं आवार नव्हे, खरोखरची जंगलं. आज आपण दोन जंगलांविषयी बोलू. पहिलं अमेरिकेतलं हार्वर्ड फॉरेस्ट. मॅसॅच्युसेट्स राज्यात पीटरशॅम नावाचं छोटं गाव आहे, तिथे हार्वर्ड विद्यापीठाने १९०७ मध्ये हे जंगल अभ्यासासाठी घेतलं. आज ते साधारण १६०० हेक्टर आहे, म्हणजे चार हजार एकर. दुसरं इंग्लंडमधलं, ऑक्सफर्डच्या जवळचं. त्याचं नाव उच्चारी ‘वाइटम’ वूड्स. नाव वाइटम असलं तरी जंगल वाईट नाही हो! फार सुंदर आहे. १९४२ मध्ये एका कुटुंबाने आपल्या दिवंगत मुलीच्या स्मरणार्थ ते ऑक्सफर्ड विद्यापीठाला दिलं. तिथल्या रामगंगा जातीच्या छोट्या पक्ष्यांचा अभ्यास १९४७ पासून अखंड चालू आहे. जगातल्या सर्वांत जास्त अभ्यासलेल्या जंगलांमध्ये या दोघांची गणना होते.

टेप, खडू आणि छातीची उंची

आधी काम कसं चालतं ते पाहू. कारण आकडा कुठून येतो हे कळल्याशिवाय त्याच्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे ठरवता येत नाही.

झाडात कार्बन किती हे कळायला झाडाचं वजन कळलं पाहिजे. आता उभ्या झाडाचं वजन करणार कसं? तोडून, तुकडे करून, वाळवून, काट्यावर ठेवून करता येईल. पण मग ज्या झाडाने कार्बन साठवून ठेवावा म्हणून आपण हिशेब मांडतोय, ते झाडच गेलं. म्हणून युक्ती अशी, की झाडाचा एक सोपा भाग मोजायचा आणि त्यावरून बाकीचं काढायचं. सोपा भाग म्हणजे खोडाचा घेर.

विद्यार्थी जंगलात एक चौकोन आखून घेतात. समजा वीस मीटर बाय वीस मीटर. असे पंचवीस चौकोन झाले की एक हेक्टर. चौकोनातल्या प्रत्येक झाडाला क्रमांकाची छोटी पट्टी ठोकतात, जात लिहून घेतात, आणि जमिनीपासून ठरावीक उंचीवर टेप गुंडाळून घेर घेतात. या उंचीला ‘छातीची उंची’ म्हणतात. आता कुणाची छाती? उंच माणसाची की बुटक्याची? म्हणून ती ठरवून टाकली आहे. ब्रिटनमध्ये १.३ मीटर. अमेरिकेत साडेचार फूट, म्हणजे १.३७ मीटर. आपल्याकडे वनखात्यातही १.३७ मीटरच धरतात. झाड उतारावर असेल तर वरच्या बाजूला उभं राहून मोजायचं. त्या उंचीवर नेमकी गाठ आली असेल तर थोडं वर-खाली सरकायचं. खोड खालीच दुभंगलं असेल तर दोन झाडं धरायची. हे सगळे नियम आहेत. निसर्गाने केलेले नाहीत, माणसांनी एकमेकांशी बोलून केलेले आहेत. पण नियम माणसांनी केले म्हणून आकडा मनमानी ठरत नाही. उलट सगळे एकाच नियमाने मोजतात म्हणूनच यंदाची मोजणी पाच वर्षांपूर्वीच्या मोजणीशी ताडून पाहता येते.

आता एक झाड घेऊन हिशेब करू. कागद-पेन्सिल असेल तर बरोबर करा. उदाहरणापुरतं एक ओकचं झाड. घेर १५७ सेंटिमीटर. ३.१४ ने भागलं की व्यास मिळतो, ५० सेंटिमीटर. म्हणजे खोडाच्या गोल कापाचं क्षेत्रफळ साधारण ०.२ चौरस मीटर. झाडाची उंची २० मीटर. खोड वरपर्यंत सारखंच जाड असतं तर ते जवळजवळ चार घनमीटर भरलं असतं. पण ते वर निमुळतं होत जातं, म्हणून निम्मं धरू, दोन घनमीटर. ओकचं वाळलेलं लाकूड घनमीटरला सुमारे ६०० किलो. म्हणजे खोड झालं १२०० किलो. फांद्यांचे पाव भाग वर धरू, ३०० किलो. एकूण दीड टन. वाळलेल्या लाकडात साधारण निम्मा कार्बन असतो. म्हणजे पाऊण टन कार्बन. आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड किती, हे हवं असेल तर ४४ भागिले १२, म्हणजे ३.६७ ने गुणायचं. कारण कार्बनच्या अणूचं वजन १२ आणि दोन ऑक्सिजन जोडले की ४४. उत्तर येतं सुमारे पावणेतीन टन.

एवढ्या मोठ्या झाडाने, अनेक दशकं उन्हात उभं राहून, पावणेतीन टन कार्बन डायऑक्साइड धरून ठेवला. मुंबई-लंडन असा जाऊन-येऊन विमानप्रवास केला तर एका माणसाच्या वाट्याला टनाच्या वर उत्सर्जन येतं. झाडाचं आयुष्य एका पारड्यात आणि आपल्या दोन सहली दुसऱ्या पारड्यात. हा अंदाज मनात असू द्या, पुढे लागणार आहे.

चुका दोन प्रकारच्या

या हिशेबात किती वेळा ‘धरू’ म्हटलं ते तुमच्या लक्षात आलं असेल. निम्मं धरू, पाव भाग धरू, सहाशे किलो धरू. शास्त्रज्ञ अर्थात इतकं ढोबळ करत नाहीत. त्यांच्याकडे प्रत्येक जातीसाठी समीकरणं असतात. पूर्वी कुणीतरी काही झाडं मोजून, मग तोडून, तोलून, घेर आणि वजन यांचं नातं मांडलेलं असतं. आपण घेर घालायचा, समीकरण वजन देतं. पण ‘धरणं’ तिथेही आहेच, फक्त ते समीकरणाच्या पोटात गेलेलं असतं.

चूक कुठे होऊ शकते? समजा विद्यार्थ्याची टेप जरा तिरकी लागली आणि १५७ ऐवजी १५९ लिहिलं गेलं. वजन घेराच्या साधारण वर्गाच्या पटीत वाढतं, म्हणून दोन सेंटिमीटरची चूक वजनात अडीच टक्क्यांची होते. हे काही फार नाही. शिवाय दुसरा विद्यार्थी दुसऱ्या झाडाला दोन सेंटिमीटर कमी लिहील. शेकडो झाडं मोजली की या चुका एकमेकींना खातात. विद्यार्थी जितके जास्त, झाडं जितकी जास्त, तितकी ही चूक कमी.

पण समीकरणच एका बाजूला झुकलेलं असेल तर? मग प्रत्येक झाडाला तीच चूक, त्याच दिशेने. हजार झाडं मोजा, लाख मोजा, ती चूक जाणार नाही. उलट मोजणी वाढली की आकडा अधिक ठाम दिसायला लागतो आणि आपला विश्वास वाढतो. दुकानदाराचा काटाच शंभर ग्रॅमने चुकीचा असेल तर दहा वेळा तोलून काय उपयोग? दहाही वेळा तेच चुकीचं वजन येईल.

हे नुसतं तर्काने म्हणत नाही. वाइटम वूड्समध्ये हेच दिसलं. तिथे संशोधकांनी लेझरने जंगलाचं स्कॅनिंग केलं. जमिनीवर यंत्र ठेवायचं, ते चहूकडे लेझरचे किरण सोडतं, परत आलेल्या किरणांवरून प्रत्येक खोडाचा, फांदीचा, डहाळीचा त्रिमितीय नकाशा तयार होतो. म्हणजे झाड न तोडता त्याचं आकारमान थेट मिळतं. २०२२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. नेहमीच्या समीकरणांनी त्या जंगलाच्या तुकड्यात जमिनीवरचं वाळलेलं वजन हेक्टरी सुमारे २३२ टन येत होतं. लेझरने आलं सुमारे ४१० टन. पावणेदोन पट!

झाडं तीच. घेरही तेच. टेप धरणाऱ्यांची चूक नव्हती. चूक होती ती घेरावरून वजनाकडे जाण्याच्या वाटेत. मोठं झाड तोडून तोलणं कठीण, खर्चिक, म्हणून समीकरणं बहुतेकदा कमी आणि लहान झाडांवर बेतलेली असतात. मोठ्या झाडाचा पसारा, जाड फांद्या, त्यांच्यात मावत नाहीत. आणि जंगलाचं बरंचसं वजन तर या थोड्या मोठ्या झाडांतच असतं.

न्यायशास्त्रातलं ओलं सरपण

इथे आपल्या जुन्या नैयायिकांची आठवण येते. अनुमानाचं त्यांचं नेहमीचं उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे : पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. जिथे धूर तिथे अग्नी, या नेमाला ते व्याप्ती म्हणतात. पण उलट म्हणता येतं का? जिथे अग्नी तिथे धूर? नाही. लोखंडाचा तापून लाल झालेला गोळा घ्या. अग्नी आहे, धूर नाही. धूर यायला अग्नीबरोबर ओलं सरपण लागतं. या न सांगितलेल्या अटीला त्यांनी नाव दिलं : उपाधी. उपाधी लपलेली असेल तर अनुमान वरवर बरोबर दिसतं आणि आतून पोकळ असतं.

आपल्या टेपवाल्या विद्यार्थ्यांचं अनुमान असं आहे : घेर इतका, म्हणून वजन इतकं. यातली उपाधी कोणती? झाड त्याच जातीचं हवं, साधारण त्याच वयाचं हवं, त्याला वाढायला तेवढीच जागा मिळालेली हवी, जेवढी समीकरण करताना तोडलेल्या झाडांना मिळाली होती. ही अट पाळली तर अनुमान चालतं. नाही तर तापलेल्या गोळ्यातून धुराची अपेक्षा करण्यासारखं होतं. आमच्या मते प्रत्येक विज्ञानशाखेच्या विद्यार्थ्याला न्यायशास्त्राचं हे एक पान तरी शिकवायला हवं. असो. तो आमचा जुना हट्ट आहे, त्यावर आज नको.

साठा आणि श्वास

आता हार्वर्ड फॉरेस्टकडे जाऊ. तिथे उन्हाळ्यात निरनिराळ्या कॉलेजांतले पदवीचे विद्यार्थी येऊन राहतात, काम करतात. आसपासच्या शाळांतली मुलंसुद्धा आपापल्या चौकोनातली झाडं वर्षानुवर्षं मोजतात. ३५ हेक्टरांचा एक मोठा तुकडा आहे, त्यातलं बोटाएवढं जाड रोपही सोडलेलं नाही. लाखाहून अधिक खोडांची नोंद आहे.

पण तिथे दुसरीही एक रीत आहे. जंगलाच्या माथ्यावर जाणारा एक मनोरा आहे. त्यावरची यंत्रं सेकंदाला अनेक वेळा दोन गोष्टी टिपतात. हवा वर चालली आहे की खाली, आणि तिच्यात कार्बन डायऑक्साइड किती आहे. यावरून जंगलाने दिवसा किती घेतला आणि रात्री किती सोडला ते कळतं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून हे चालू आहे. जंगलावर इतका काळ चाललेली अशी नोंद जगात क्वचितच सापडेल.

टेपने मोजणं म्हणजे खात्यात शिल्लक किती ते बघणं. मनोरा म्हणजे रोजची जमा आणि रोजचा खर्च. दोन्ही जुळले पाहिजेत. जुळले नाहीत तर कुठेतरी काहीतरी सुटलं आहे. एका रीतीने दुसरीला तपासायचं, हीच विज्ञानाची खरी ताकद. एकच साक्षीदार असेल तर त्याची उलटतपासणी करणार कशी?

मनोऱ्याने काय सांगितलं? सुरुवातीच्या वर्षांत हे जंगल हेक्टरी वर्षाला साधारण दोन टन कार्बन निव्वळ आत घेत होतं. पुढच्या दशकभरात हा आकडा वाढत काही वर्षं पाच टनांच्या आसपास पोचला. वय वाढलं की जंगलाची भूक मंदावते, अशी समजूत होती. इथे ती वाढली. एक मोठं कारण म्हणजे लाल ओक. तिथली लाल ओकची झाडं जोमाने वाढत होती.

ती तिथे का आली? यासाठी इतिहासात जावं लागतं. ही भूमी मूळची निपमक लोकांची. युरोपातून आलेल्या वसाहतकारांनी जंगल तोडून शेतं आणि कुरणं केली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिथली बहुतेक जमीन उघडी झाली होती. मग शेतकरी पश्चिमेकडच्या सुपीक जमिनीकडे, कारखान्यांकडे निघून गेले. सोडलेल्या शेतांत पांढरा पाइन उगवला. तो मोठा झाल्यावर पुष्कळसा तोडला गेला. उरलेला सप्टेंबर १९३८ च्या चक्रीवादळाने आडवा केला. त्यानंतर जे उगवलं, त्यात हा लाल ओक. आजही तिथे दाट जंगलात चालताना मध्येच दगडी बांध लागतात. शेतांचे बांध! हार्वर्ड फॉरेस्टच्या संग्रहालयात हा सगळा इतिहास छोट्या देखाव्यांतून मांडला आहे. जरूर चित्रं शोधून पाहा.

म्हणजे आज ते जंगल जो कार्बन आत घेतंय, तो बऱ्याच अंशी दोनशे वर्षांपूर्वी कुऱ्हाडीने बाहेर काढलेल्या कार्बनची भरपाई आहे. फेड चालू आहे. कर्ज घेणारे गेले, फेडणारं जंगल.

आणि झाडांखाली माती आहे. ती विसरून चालत नाही. अशा जंगलात मातीतला कार्बन झाडांतल्या कार्बनच्या तोडीचा असतो, कधी जास्तही. टेपने तो दिसत नाही. हार्वर्ड फॉरेस्टमध्ये १९९१ पासून एक प्रयोग चालू आहे. जमिनीत तारा पुरून माती आजूबाजूपेक्षा पाच अंशांनी गरम ठेवतात. उद्या हवामान तापलं तर काय होईल, ते आजच पाहायचं. सव्वीस वर्षांनी आढावा घेतला तेव्हा वरच्या साठ सेंटिमीटर मातीतला सुमारे १७ टक्के कार्बन गेला होता. मातीतले सूक्ष्मजीव तो खाऊन हवेत सोडतात. शिवाय झाडांवर कीड येते, रोग येतो. हार्वर्ड फॉरेस्टमधल्या हेमलॉक झाडांना एका परदेशी किडीने ग्रासलं आहे, वाइटममधल्या ॲश झाडांना बुरशीने. वहीत जमा दिसणारा कार्बन अशा रीतीने परत हवेत जाऊ शकतो.

अधिक-उणे कुठे गेलं?

आता मुख्य प्रश्नाकडे. इतका खटाटोप करून आलेला आकडा कशासाठी वापरायचा?

एक उपयोग ज्ञानाचा. जंगल कसं वाढतं, कशाने दुखावतं, ते कळतं. यावर वाद नाही. दुसरा उपयोग हिशेबाचा. विद्यापीठ वीज वापरतं, इमारती गरम ठेवतं, प्राध्यापकांना परिषदांना विमानाने पाठवतं. त्याने होणारं उत्सर्जन एका बाजूला लिहायचं, आपल्या जंगलाने आत घेतलेलं दुसऱ्या बाजूला, आणि वजाबाकी करायची. काही संस्थांनी हे केलं आहे. व्हरमाँटमधल्या मिडलबरी कॉलेजने २०१६ मध्ये आपण कार्बन न्यूट्रल झाल्याचं जाहीर केलं. त्यांनी जैवइंधनावर चालणारी भट्टी बसवली, ऊर्जेची बचत केली, बरंच काही केलं. पण उरलेला फरक भरून काढायला स्वतःच्या मालकीचं जंगल कायम राखण्याचं श्रेयही धरलं.

यात काही गैर आहे का? लबाडी आहे असं आम्ही मुळीच म्हणत नाही. पण तीन प्रश्न विचारायला हवेत.

पहिला : हे जंगल तसंही उभं राहणारच होतं का? आधीपासून असलेल्या जंगलाने जे केलं असतं, तेच आपण आपल्या पुण्याच्या खात्यात लिहीत असू, तर आपण नवं काय केलं? शेजाऱ्याचं घर जाळलं नाही म्हणून कुणी परोपकाराची पावती मागत नाही. तोडण्याचा खरा धोका होता आणि तो आपण टाळला, तर गोष्ट वेगळी. ते दाखवून द्यावं लागेल.

दुसरा : किती काळासाठी? कोळसा जमिनीखाली कोट्यवधी वर्षं पडून होता. तो जाळून बाहेर काढलेला कार्बन ओकच्या झाडात ठेवला, तर तो किती दिवस सुरक्षित? एका चक्रीवादळापर्यंत. १९३८ ची आठवण ठेवा.

तिसरा : प्रमाण काय? मघाशी हेक्टरी दोन ते पाच टन म्हटलं. मधला, तीन टनांचा आकडा घेऊ. ३.६७ ने गुणलं की अकरा टन कार्बन डायऑक्साइड. अमेरिकेत माणशी वर्षाचं उत्सर्जन सुमारे १४ टन. म्हणजे एक हेक्टर जोमदार जंगल एका अमेरिकन माणसालाही पुरत नाही. भारतात माणशी सुमारे दोन टन, म्हणजे आपल्यातल्या पाच जणांना ते पुरेल. जंगल कितीही प्रिय असलं तरी हा भागाकार बदलत नाही.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. सांगताना थोडं अवघड वाटतं. निवृत्त होण्याच्या थोडं आधी आमच्या संस्थेत हरित लेखापरीक्षण करायचं ठरलं. मूल्यमापनासाठी बाहेरची समिती येणार होती. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी आवारातली झाडं मोजायची, आणि अहवालाची भाषा नीट व्हावी म्हणून आम्हालाही समितीत घेतलं. मुलांनी फार मनापासून काम केलं. वडाच्या पारंब्या धरायच्या की नाही यावर दोन दिवस वाद घातला. नारळाला आंब्याचं समीकरण लावायचं नाही म्हणून हटून बसली. आणि शेवटच्या आकड्यापुढे त्यांनी अधिक-उणे लिहिलं. आकडा इतका, पण तो एवढ्याने कमी किंवा जास्त असू शकतो. ते अधिक-उणे चांगलं रुंद होतं, कारण मुलं प्रामाणिक होती.

अहवाल छापताना ते गेलं. वरच्यांचं म्हणणं पडलं की समितीपुढे असा डळमळीत आकडा बरा दिसत नाही. आकडा गोल करून ठळक अक्षरांत छापला, खाली ‘कार्बन न्यूट्रल परिसर’. आणि खाली ज्यांच्या सह्या होत्या, त्यांत आमचीही होती. त्या क्षणी वाटलं, एवढ्याशा चिन्हाने काय बिघडतंय? तीस-पस्तीस वर्षं तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाला असं वाटलं.

पुढे एक विद्यार्थिनी अहवालाची प्रत घेऊन आमच्या खोलीत आली. चिडलेली नव्हती. पान उघडून समोर ठेवलं आणि विचारलं, “सर, अधिक-उणे कुठे गेलं?” आम्ही काहीतरी गुळमुळीत बोललो. जागेची अडचण, छपाई वगैरे. ती ‘बरं सर’ म्हणाली आणि गेली. त्या ‘बरं सर’चं ओझं अजून उतरलेलं नाही. आज ही गोष्ट सांगण्याचं एक कारण तेही आहे.

आम्ही काय केलं होतं? खोटा आकडा छापला नव्हता. आकडा मुलांचाच होता. पण त्या आकड्यासोबत मुलांनी जे सांगितलं होतं, ‘आम्हाला इतपतच ठाऊक आहे’, ते आम्ही खोडलं. मोजमापातलं अधिक-उणे म्हणजे मोजणाऱ्याने दिलेला कबुलीजबाब असतो. तो काढला की वाक्याचा अर्थच पालटतो. ‘बहुधा’ हा शब्द काढून साक्षीदाराची साक्ष नोंदवावी, तसं.

वाइटमचं उदाहरण पुन्हा घ्या. तिथे जंगलाचं वजन पावणेदोन पट निघालं. आनंदाची बातमी? एका अर्थी हो, जंगलात समजत होतो त्याहून जास्त कार्बन आहे. पण दुसरी बाजू अशी, की असं जंगल तोडलं तर समजत होतो त्याहून जास्त कार्बन हवेत जाईल. आणि ज्यांनी जुन्या आकड्यावर ठाम ताळेबंद मांडले असतील, त्यांचे ते ताळेबंद कोसळले. ज्यांनी शंकेला जागा ठेवली असेल, त्यांना फक्त दुरुस्ती करावी लागेल.

मग विद्यार्थ्यांनी मोजूच नये का? असं कुणी या व्याख्यानातून काढलं तर आमचं बोलणं फुकट गेलं. मोजावं, जरूर मोजावं. ज्या मुलीने शंभर झाडांना मिठी मारून घेर घेतला, तिला जंगल म्हणजे काय हे आमच्या दहा व्याख्यानांपेक्षा जास्त कळलेलं असतं. तिला हेही कळलेलं असतं की आकडा हवेतून येत नाही. पाय चिखलात घालून, डास चावून घेऊन, मित्राशी भांडून तो मिळवावा लागतो. पण ज्याने आकडा मिळवला, त्याला त्याच्या वापराविषयी बोलण्याचाही हक्क आहे. विद्यापीठांनी जंगलाचा आकडा आणि उत्सर्जनाचा आकडा, दोन्ही छापावेत. शेजारी शेजारी, अधिक-उणेसकट. वजाबाकी करून शून्य दाखवण्याची घाई करू नये. शून्य दिसलं की माणूस निवांत होतो, आणि निवांत व्हायची वेळ अजून आलेली नाही.

पुढच्या वेळेपर्यंत एक छोटं काम करा. घराजवळचं एक झाड निवडा. जमिनीपासून १.३७ मीटरवर दोरी गुंडाळा, दोरी फूटपट्टीवर मोजा. घरातल्या दुसऱ्या कुणालातरी तेच झाड मोजायला सांगा, तुमचा आकडा न सांगता. मग मघाचा हिशेब करा. दोघांची उत्तरं लिहा, आणि त्यांच्यातला फरकही लिहा. तो फरक खोडू नका. पुढच्या व्याख्यानात आपण त्याच फरकापासून सुरुवात करू.